शोभा आणि दुर्मिळता

एखादी वस्तू आपणांस हवीशी वाटते ती सुंदर असते म्हणून, की ती इतरांपाशी नसते म्हणून? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे खरे उत्तर देण्याचे धाडस फार थोडे करतील. लग्नघरी एकाच रंगाची व एकाच काठाची पैठणी नेसलेल्या दोन सुवासिनी समोरासमोर आल्या म्हणजे दोघींच्याही मुखावर क्षणभर एक सूक्ष्म छाया पसरते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. घरून निघताना आरशात जी साडी शोभून दिसत होती तिचा एक धागाही आता बदललेला नसतो. रंग तोच, पदरावरचे मोरही तेच. मग उणे काय झाले? पुरुषांनीही यावर हसण्याचे कारण नाही. गाडीला अमुकच क्रमांक मिळावा म्हणून परिवहन कार्यालयात जादा शुल्क भरणारे गृहस्थ गावोगावी आहेत, आणि त्या क्रमांकाने गाडी अधिक वेगाने धावते असा दावा त्यांपैकी कोणीही करीत नाही.

हाच प्रश्न आजच्या तरुण पिढीपुढे एका अगदी निराळ्या क्षेत्रात उभा राहिला आहे. वडीलधाऱ्या मंडळींस त्या क्षेत्राची ओळख बेताचीच असते. मुलगा संगणकापुढे बसून 'बंदुकीचा रंग' विकत घेतो आहे एवढेच त्यांच्या कानी येते, आणि 'काय हा मूर्खपणा!' असे म्हणून ते विषय मिटवितात. आमच्या मते विषय इतक्या सहज मिटण्यासारखा नाही. आम्ही याच पिढीतले असल्याने हा प्रकार जवळून पाहिला आहे. तो प्रथम नीट समजून घ्यावा आणि मग त्याचा न्याय करावा, अशी वाचकांस विनंती आहे.

'काउंटर-स्ट्राइक' हा नेमबाजीचा खेळ अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू येथील 'व्हॉल्व्ह' या कंपनीचा आहे. त्याच्या स्पर्धात्मक प्रकारात पाच-पाच खेळाडूंचे दोन पक्ष असतात. एक पक्ष स्फोटक ठेवू पाहतो, दुसरा त्यास अडवितो. नेम, चपळाई आणि सहकाऱ्यांशी मेळ यांवर जय अवलंबून असतो. २०१२ साली या खेळाची 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह' ही आवृत्ती निघाली, आणि १३ ऑगस्ट २०१३ रोजी तीत एक नवी गोष्ट आली. खेळातील बंदुकांस व सुऱ्यांस निरनिराळे रंगीत वेष चढविता येऊ लागले. या वेषास खेळाडू 'स्किन' म्हणतात. स्किन म्हणजे कातडी, आणि हा शब्द यथार्थ आहे. कारण ही कातडी चढविली वा उतरविली तरी आतल्या बंदुकीत तिळमात्र फरक पडत नाही. गोळी तितक्याच वेगाने जाते, नेम तितकाच लागतो वा चुकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या आवृत्तीची जागा 'काउंटर-स्ट्राइक २' ने घेतली, तेव्हा लोकांनी जमविलेल्या कातड्या नव्या खेळात जशाच्या तशा आल्या.

या कातड्यांच्या श्रेणी ठरलेल्या आहेत, आणि प्रत्येक श्रेणीस एक रंग नेमून दिलेला आहे. पेटीतून निघणाऱ्या वस्तूंत निळी श्रेणी सर्वांत सामान्य. तिच्यावर जांभळी, मग गुलाबी, मग तांबडी, आणि सर्वांच्या वर सोनेरी. सोनेरी श्रेणीत सुऱ्या आणि २०१६ पासून हातमोजे येतात. याखेरीज प्रत्येक वस्तूस झिजेचा एक आकडा असतो. तो ० आणि १ यांच्या मधला अपूर्णांक होय. शून्याच्या जितका जवळ, तितकी वस्तू नवी व तुकतुकीत. एकाच्या जितका जवळ, तितकी ती खरचटलेली. यातील मौज अशी की बंदूक कितीही वापरली तरी हा आकडा बदलत नाही. जन्माच्या वेळी जी झीज कपाळी लिहिली गेली ती कायमची. शिवाय काही कातड्यांवर नक्षीचा कोणता भाग कोठे यावा हेही एका क्रमांकावरून ठरते, आणि असे सुमारे हजार क्रमांक आहेत. म्हणून एकाच नावाच्या दोन बंदुका डोळ्यांस भिन्न दिसू शकतात.

या वस्तू मिळतात कशा? एक मार्ग बाजाराचा: ज्याच्यापाशी आहे त्याच्याकडून मोल देऊन घ्यावी किंवा अदलाबदल करावी. दुसरा मार्ग पेटीचा. पेटी बंद असते, आणि ती उघडण्याची किल्ली अडीच डॉलरांस एक सेंट कमी इतक्या किमतीस मिळते. किल्ली लावताच पडद्यावरून वस्तूंची एक पट्टी सरकू लागते, तिचा वेग मंदावतो, आणि ती एका वस्तूपाशी थांबते. २०१७ साली चीनमधील नियमानुसार तेथील चालकांस या सोडतीचे प्रमाण जाहीर करावे लागले. ते असे होते: शंभरांत जवळजवळ ८० वेळा निळी वस्तू, सुमारे १६ वेळा जांभळी, ३.२ वेळा गुलाबी, ०.६४ वेळा तांबडी आणि ०.२६ वेळा सोनेरी. म्हणजे सोनेरी वस्तू सरासरीने ३८५ पेट्यांत एक. तेवढ्या किल्ल्यांचीच किंमत साडेनऊशे डॉलरांवर जाते. आणि ३८५ पेट्या उघडल्या की सुरी मिळालीच, असेही नव्हे. शाळेत शिकविलेल्या संभाव्यतेच्या गणिताने पाहावे: इतक्या पेट्या उघडणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे ३७ जणांच्या हाती एकही सोनेरी वस्तू लागणार नाही.

एवढे वाचून पुष्कळ वाचक म्हणतील, मग हा सरळ मूर्खपणा वा जुगार आहे. त्यात विचार करण्यासारखे काय उरले? आम्हांस येथे थोडे थांबावेसे वाटते. पेटीच्या सोडतीविषयी पुढे बोलूच. परंतु 'खोट्या बंदुकीवरचा खोटा रंग' एवढ्या शब्दांनी सगळ्या छंदाची वासलात लावणे न्याय्य नाही. मनुष्य निरुपयोगी शोभेवर श्रम करीत आलाच आहे. दारापुढची रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते. तिने पोट भरत नाही की घर टिकत नाही. तरी ज्या घरची रांगोळी रेखीव, त्या घराविषयी आपले मत चांगले होते. पडद्यावरचे चित्र हाती धरता येत नाही म्हणून ते खोटे म्हणावे, तर गाणेही हाती धरता येत नाही.

या छंदातील सर्वांत मनोरम भाग मेळ साधण्याचा आहे. खेळाडूच्या डोळ्यांपुढे सतत दोन हात आणि हातातले शस्त्र दिसत असते. म्हणून हातमोजे, सुरी आणि निरनिराळ्या बंदुका एकमेकींस साजतील अशा निवडाव्यात, असे त्यास वाटते. एखादा निळ्या पात्याच्या सुरीस निळे हातमोजे जुळवितो. मग तोच निळा रंग 'एके-४७' वर शोधतो, आणि तो जरा हिरवट निघाला तर पुन्हा शोधू लागतो. दुसरा सारे काळे-पांढरे ठेवून एकच तांबडी रेघ खेळवितो. खेळातील अनेक कातड्या अमेरिकन नाण्याच्या काही सेंटांस मिळतात, आणि चोखंदळ मुलगा तेवढ्यातच असा संच जमवितो की पाहणारा दोन क्षण थबकतो. पैठणीस साजेशी चोळी शोधणारी दृष्टी आणि ही दृष्टी यांत जातीचा भेद नाही. रंगांची पारख, धीर, आणि जवळ असलेल्यातून सुसंगती घडविण्याची हौस हे गुणच आहेत. ज्या आईबापांस आपल्या मुलाचा हा गुण दिसला नाही, त्यांनी त्याच्या छंदाचा एक भाग पाहिलाच नाही.

परंतु याच छंदात दुसरी एक इच्छा हळूच शिरते, आणि तिचे बाह्य रूप पहिलीसारखेच असते. पहिली इच्छा वस्तूकडे पाहते. दुसरी लोकांकडे पाहते. पहिली म्हणते, 'हा निळा रंग मला आवडतो.' दुसरी म्हणते, 'असा निळा रंग दुसऱ्या कोणापाशी नाही.' पहिलीची तृप्ती होऊ शकते, कारण मेळ एकदा साधला की साधला. दुसरीची तृप्ती कधी होत नाही, कारण ती आपल्या हाती नसून इतरांच्या रिकाम्या हातांत असते.

या दोन इच्छा वेगळ्या आहेत याची साक्ष हा बाजारच देतो. 'केस हार्डन्ड' नावाची एक कातडी आहे. तापवून कठीण केलेल्या पोलादावर निळे, जांभळे, पिवळे डाग उमटतात, त्यांचे अनुकरण तीत केले आहे. बहुतेक प्रतींत हे रंग मिसळलेले असतात. क्वचित् एखाद्या क्रमांकाच्या नक्षीत बंदुकीचा माथा निळ्याने भरून जातो. 'एके-४७' च्या बाबतीत ६६१ हा क्रमांक सर्वश्रेष्ठ मानतात, आणि तशा एका प्रतीस दहा लाख डॉलरांहून अधिक मोल आल्याची वार्ता २०२४ साली प्रसिद्ध झाली. निळा रंग सुंदर आहे हे आम्ही मान्य करू. परंतु खेळात उत्तम निळ्या बंदुका अल्प किमतीसही मिळतात. दहा लाखांतील किती मोल निळ्याचे आणि किती 'एकमेव' या शब्दाचे, याचा हिशेब वाचकांनीच करावा. झिजेच्या आकड्याचेही तसेच. ज्या दोन प्रतींतील भेद डोळ्यांस दिसत नाही, त्यांतील एकीस केवळ दशांश चिन्हापुढे एक शून्य अधिक आहे म्हणून जबर किंमत देणारे संग्राहक आहेत. तेथे डोळ्याचा संबंध संपला; आकडा तेवढा उरला.

याहून बोलके उदाहरण 'हाउल' या कातडीचे आहे. २०१४ साली 'एम४ए४' बंदुकीसाठी एका श्वापदाच्या मुखाचे चित्र पेटीत आले. थोड्याच दिवसांत असे उघड झाले की ते चित्र दुसऱ्या चित्रकाराच्या कृतीवरून परवानगीवाचून उचललेले होते. जूनमध्ये कंपनीने ते पेटीतून काढले, चित्र बदलले, आणि त्या कातडीस 'कॉन्ट्राबँड' अर्थात् निषिद्ध माल अशी वेगळी श्रेणी दिली. ज्यांच्यापाशी ती आधीच होती त्यांच्यापाशी ती राहिली. नवी प्रत निघणे बंद झाले. परिणाम काय झाला? ती खेळातील अत्यंत महाग कातड्यांपैकी एक होऊन बसली. ज्या कृत्याची लाज वाटावयाची त्याच कृत्यामुळे वस्तू दुर्मिळ झाली, आणि दुर्मिळ झाली म्हणून मानाची ठरली. दुर्मिळतेस स्वतःचा विवेक नसतो हे यावरून कळते. वस्तू कमी का आहे हे ती विचारीत नाही. कमी आहे एवढेच तिला पुरते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. जुनी नाणी जमविणारेही दुर्मिळ नाण्यासाठी धडपडतातच. मग त्यांस विद्वान म्हणावयाचे आणि या मुलांस वेडे, हा कोठला न्याय? आमचे उत्तर असे. जुने नाणे दुर्मिळ झाले ते काळाच्या ओघात. काही वितळली, काही मातीत गेली. जे उरले ते एका गेलेल्या राज्याची साक्ष देते. त्याची दुर्मिळता हा त्याच्या चरित्राचा भाग होय. पडद्यावरच्या चित्राची दुसरी प्रत काढण्यास कंपनीस जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तेथे वस्तू कमी आहे, कारण ती कमी ठेवावी असे कोणी ठरविले आहे. ही टंचाई मुद्दाम घातलेली आहे, आणि ज्याने घातली तो ती केव्हाही सैल करू शकतो.

तसे घडलेही. खेळात एक जुनी सोय होती: एका श्रेणीच्या दहा कातड्या देऊन वरच्या श्रेणीची एक घ्यावी. परंतु ही शिडी तांबड्या श्रेणीपाशी संपत असे. सोनेरी सुरीपर्यंत ती पोचत नव्हती. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने नियम बदलला, आणि पाच तांबड्या कातड्या देऊन एक सुरी वा हातमोजे मिळू लागले. तांबड्यांचे भाव एकदम चढले. सुऱ्यांचे व हातमोज्यांचे कोसळले. दोन दिवसांच्या आत साऱ्या बाजाराचे मोल अब्जाहून अधिक डॉलरांनी उतरल्याची वृत्ते आली. ज्यांनी आपली पुंजी सुऱ्यांत गुंतविली होती त्यांच्या दुःखाची थट्टा आम्ही करणार नाही. पैसा खरा होता आणि तोटाही खरा होता. तथापि विचारी मनुष्याने त्या दिवशी एक गोष्ट पाहून ठेवावी. सुरीच्या पात्यावरचा एक बिंदूही बदलला नव्हता. आदल्या रात्री जी चमक होती तीच दुसऱ्या सकाळी होती. लग्नघरच्या पैठणीसारखेच हे झाले. ज्याने केवळ मेळ साधावा म्हणून सुरी घेतली होती, त्याच्या संचातील सुसंगती अबाधित राहिली. ज्याने इतरांपाशी नाही म्हणून घेतली होती, त्याचे सर्वस्व गेले. आपण नेमके काय विकत घेतले होते, हे दोघांसही त्या एकाच दिवशी कळले असेल.

येथे दोषाची वाटणीही प्रामाणिकपणे करावयास हवी. सारा भार मुलांच्या लोभावर टाकणे सोपे आहे, परंतु खरे नाही. मुलाच्या दृष्टीपूर्वीच वस्तूस श्रेणीचा रंग लावून ठेवलेला असतो. काय आवडावे हे त्यास डोळे उघडण्याआधी सांगितले जाते. सरकती पट्टी सुरीच्या अगदी शेजारी येऊन थांबते तेव्हा 'थोडक्यात हुकले' असे वाटते, आणि हात पुन्हा किल्लीकडे वळतो. बेल्जियमच्या जुगार-नियंत्रण आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये या खेळाचा नावानिशी उल्लेख करून अशा पेट्या तेथील कायद्याने जुगार ठरतात असे म्हटले. त्याच वर्षी त्या देशात व नेदरलँड्समध्ये खेळाडूंस पेट्या उघडणे बंद झाले. त्याआधी कातड्याच पणास लावून जुगार खेळविणारी परभारी दुकाने निघाली होती, आणि जुलै २०१६ मध्ये कंपनीस त्यांना थांबविण्याच्या नोटिसा द्याव्या लागल्या. आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवण्यासारखी आहे. कंपनीच्या करारान्वये या वस्तूंची मालकी खेळाडूकडे येतच नाही. वापरण्याचा परवाना तेवढा मिळतो. आपल्याकडील मुले मोबाइलवर जे नेमबाजीचे खेळ खेळतात, त्यांतही पेट्या आणि कातड्या आहेतच. म्हणून हा प्रश्न सातासमुद्रांपलीकडचा समजण्यात अर्थ नाही.

मग कुटुंबाने काय करावे? सरसकट बंदी घालून हा प्रश्न सुटेल असे आम्हांस वाटत नाही. पैठणीवर बंदी घातल्याने हेवा नाहीसा होत नाही. परंतु दोन गोष्टी निश्चित करता येतील. पहिली, पेटीची सोडत आणि वस्तूची खरेदी यांत स्पष्ट रेघ ओढावी. आवडलेला रंग ठरल्या मोलास घेणे हा खर्च आहे, आणि घरच्या ऐपतीप्रमाणे तो योग्य वा अयोग्य ठरवावा. पेटीस किल्ली लावणे हा खर्च नव्हे. ते दान टाकणे आहे, आणि अल्पवयीन मुलाच्या हाती ते असू नये. वर दिलेले ३८५ पेट्यांचे गणित मुलाबरोबर बसून कागदावर करावे. ओरडण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. दुसरी गोष्ट, मुलास एकच प्रश्न प्रेमाने विचारावा: 'उद्या ही कातडी खेळणाऱ्या प्रत्येकास फुकट मिळाली, तरी तू हीच वापरशील का?' 'होय' असे उत्तर आले तर त्याच्या रसिकतेस नावे ठेवू नयेत. तो अडखळला तर उपदेश न करता त्यास विचार करू द्यावा. हाच प्रश्न वडीलधाऱ्यांनी आपली गाडी, आपले दागिने आणि मुलांची लग्नकार्ये यांविषयी स्वतःस विचारला, तर घरात या विषयावर अधिक समानतेने बोलता येईल.

या खेळात एक सुंदर रीत आहे, तिचा उल्लेख करून हा लेख पुरा करितो. ज्याच्यापाशी उत्तम रंगाची बंदूक असते तो कधी कधी फेरीच्या आरंभी ती सहकाऱ्यापुढे जमिनीवर टाकतो. सहकारी ती उचलतो, उलटसुलट करून न्याहाळतो, आणि ती फेरी तिनेच खेळतो. त्यास अशी बंदूक कदाचित् कधीच घेता येणार नाही; परंतु तेवढा वेळ तो रंग त्याच्याही हातात असतो. देणाऱ्याचे त्यात काही जात नाही, कारण फेरी संपताच वस्तू मूळ खेळाडूच्या संग्रहात असतेच. सुरी आणि हातमोजे मात्र स्पर्धेत असे टाकता येत नाहीत. सर्वांत महाग गोष्टी तेवढ्या दुसऱ्याच्या हाती देता येऊ नयेत, हा योगायोग असेल. परंतु तो चिंतनीय आहे. शोभेचा आनंद दुसऱ्यास दाखविल्याने वाढतो, आणि दुर्मिळतेचा आनंद दुसऱ्यास मिळाल्याने नाहीसा होतो. आपल्या संग्रहातील कोणती वस्तू आपण प्रसन्न मनाने दुसऱ्यापुढे ठेवू शकतो, एवढे जरी प्रत्येकाने पाहिले, तरी आपल्या आवडीत शोभेचा वाटा किती आणि हेव्याचा किती हे त्याचे त्यासच समजेल.